तुझ्या जागी

आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की म्हणतो, विजय असो.
लहानपणी मी विचारायचे, कुणावर?
बाबा हसायचे.
नंतर हसेनासे झाले.

टेबलाशी सत्तावीस माणसं आहेत.
चार माणसांत नीट वागावं, आई म्हणायची.
चारांचं मला थोडंफार जमतं,
उरलेल्या तेविसांचं कुणी शिकवलं नाही.

ओमारीकाका आजचा तामादा. पेल्यामागून पेला तोच ठरवणार.
हातात शिंग, शिंगात वाइन,
पहिला पेला शांततेला, असं तो ओरडून सांगतो.
मग गेलेल्यांना, मग येणाऱ्यांना, मग आयांना,
आणि दर वेळी खुर्च्या फरशीवर करकरतात.
वर ट्यूबलाइट गुणगुणते.
बाकी कुणाला ती ऐकू येत नाही,
किंवा येते, आणि ते तिला माफ करतात.
स्वेटरची शिवण मानेवर मुंगीसारखी.
येणारा प्रत्येक जण गालाला गाल लावतो,
मिशांना लसणाचा नि अक्रोडाचा वास.

हसायचं कधी ते मला ठाऊक आहे:
काकाची डावी भुवई वर गेली
की मनात दोन आकडे मोजून.
आज मोजताना चुकले.
गेलेल्यांच्या पेल्याला हसले.

गेल्या हिवाळ्यात तिबिलिसीत
एका डॉक्टरीणबाईंनी मला एक शब्द दिला.
चौतिसाव्या वर्षी.
आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस.
काका म्हणाला, लग्न झालं की जातं.
शब्दाने काही बदललं नाही,
फक्त चौतीस वर्षांच्या चुका एका जागी येऊन बसल्या
आणि त्यातल्या बऱ्याचशा
चुका निघाल्याच नाहीत.

मी उठते. मारानीत जाते.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले वाइनचे रांजण,
सातवा रिकामा. उद्या धुवायचा, ते काम माझं.
शिडी टाकून उतरते.
गार माती, जुनं मेण, चुन्याचा वास,
चेरीच्या सालींचा ब्रश, बादलीत पाणी.
आत एकच माणूस मावतं.
इथे मी वेगळी नसते.
वेगळं असायला दुसरं कुणीतरी लागतं.

वरच्या गोल तोंडात त्सिआलामावशीचं डोकं येतं,
ग्रहण लागल्यासारखं.
"ननुली, खाली काय आहे?"
"काही नाही."
"मग बसलीस कशाला?"
"म्हणूनच."
"गेनात्स्वाले," ती म्हणते, सवयीने.
म्हणजे, तुझ्या जागी मी. तुझ्यावरचं माझ्यावर येवो.
इथे भाजीवाला गिऱ्हाइकाला म्हणतो,
ड्रायव्हर उतारूला.

"खरंच?" मी विचारते. "ये मग.
आधी ट्यूबलाइट घे. मग शिवण.
मग सत्तावीस तोंडं,
ती म्हणतात ते, आणि म्हणत नाहीत तेही.
घरी गेल्यावर पुन्हा सगळं पहिल्यापासून,
रात्री तीनपर्यंत, ओळीने.
मी तुझ्या जागी जाते.
मला पाव भाजता येतो."

ती गप्प.
इतका वेळ गप्प तिला मी कधीच ऐकलं नव्हतं.
एकवीसपर्यंत मोजलं.
मग ती म्हणाली, "ट्यूबलाइटला आवाज असतो?"
आणि गुडघ्यांवर हात टेकून,
गुडघ्यांनाच शिव्या देत उठली.

थोड्या वेळाने दारातली पांढरी कड विझली.
काका ओरडला, फ्यूज गेला!
ड्रॉवर उघडले, मेणबत्त्या निघाल्या असाव्यात,
कुणीतरी अंधारातच गाणं धरलं, तीन सुरांत.
मातीतून माझ्यापर्यंत आलं
तेव्हा त्यातला नुसता खालचा सूर उरला होता.

मी लगेच वर गेले नाही.
आधी सातवा रांजण धुऊन घेतला.